टेबल टेनिसची नवी टेबले कशी निवडावीत?



उसाच्या, पाण्याच्या आणि बिलाच्या गोष्टींत हे टेबल टेनिस कुठून आले, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. कारण सांगतो. आपल्या भागातील पुष्कळ गावांत तरुण मंडळे, व्यायामशाळा, क्लब आहेत. त्यांतल्या काहींच्या खोलीत टेबल टेनिसचे टेबलही आहे. आमच्या क्लबची दोन्ही टेबले यंदा बदलावयाची ठरली आणि खरेदीचे काम तिघा सभासदांवर आले. मी त्यांतला एक. या निमित्ताने जी माहिती गोळा केली आणि जी ठेच आधी खाल्ली होती, ती इतर गावांच्या उपयोगी पडावी, म्हणून हा लेख.

पहिली ठेच

आमची जुनी टेबले सहा वर्षांपूर्वी घेतलेली. रीतसर तीन दरपत्रके मागविली, तुलनात्मक तक्ता केला आणि सर्वांत कमी दराचे मंजूर केले. ठरावात लिहिले होते, 'टेबल टेनिसचे टेबल, नग दोन, रंग निळा.' बस्स, एवढेच.

पहिल्या पावसाळ्यात फळ्यांच्या कडा फुगल्या. दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या जोडापाशी एक भाग दुसऱ्यापेक्षा दोन सूत वर आला. चेंडू तिथे पडला की कुठे उडेल याचा नेम नाही. तरी पोरं खेळत राहिली. गेल्या पावसाळ्यात मात्र टेबल घडी करून भिंतीकडे सरकवताना खटका नीट लागला नाही, उभी फळी धाडकन खाली आली आणि आठवीतल्या एका मुलीची दोन बोटे चेचली. बोटे महिन्याभरात बरी झाली. पण तिच्या आईने तिला पाठवायचे बंद केले, आणि तिच्यामागे आणखी चार मुली यायच्या थांबल्या. तालमीत मुली जात नाहीत, मैदानात कबड्डीला पोरांचीच गर्दी. संध्याकाळी गावातल्या मुलींनी खेळावे अशी आमच्याकडे ही एकच जागा होती.

दोष दुकानदाराचा म्हणावा, तर आम्ही मागितले तेच त्याने दिले. काय मागावे हे आम्हांलाच ठाऊक नव्हते. को ८६०३२ चे बेणे घ्यायला गेलो, तर आपण दर शेवटी विचारतो. आधी डोळा पाहतो, बेण्याचे वय विचारतो, एखादी कांडी चिरून आत लाल पडलेली नाही ना, हे बघतो. टेबलाच्या बाबतीत आम्ही नुसता दर पाहिला आणि रंग पाहिला.

हा खेळ आपला कुठला?

आमच्या सभेत एक जुने सभासद म्हणाले, "अहो, शेतकऱ्याच्या पोरांना हे साहेबी खेळ कशाला?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. विलायतेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साहेबलोक जेवणाच्या टेबलावर जाळी बांधून हा खेळ खेळू लागले, हे खरे. पण १९२६ साली लंडनला पहिली जागतिक स्पर्धा झाली, तिच्यात हिंदुस्थानचा संघ होता. १९५२ साली जागतिक स्पर्धा मुंबईत भरली. आशियात ती भरण्याची ती पहिलीच वेळ. त्या स्पर्धेत जपानच्या हिरोजी सातो याने स्पंज लावलेल्या बॅटने भल्याभल्यांना हरवून अजिंक्यपद नेले आणि खेळाची तऱ्हाच बदलून टाकली.

आणि लांब कशाला जावयाचे? आपल्या तालुक्याच्या वेशीवर म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडानगरी उभी राहिली. २००८ साली पुण्याला युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, त्यांतही टेबल टेनिस होते. २०२३ च्या जुलै महिन्यात 'अल्टिमेट टेबल टेनिस' ही साखळी स्पर्धा बालेवाडीतच खेळली गेली. महिना ध्यानात घ्या. जुलै! बाहेर धो धो पाऊस आणि आत बंद सभागृहात देशोदेशींचे खेळाडू. मुळशीकरांना हाच खेळ सोयीचा का, याचे उत्तर तिथे आहे.

आपला पावसाळा हेच पहिले माप

ताम्हिणीकडचा पाऊस आपणां सर्वांस माहीत आहे. पूर्वेकडील ऊसपट्ट्यात तो कमी असला, तरी चार महिने हवा ओलीच. मैदान चिखलाने बंद पडते आणि सगळी पोरं खोलीत येतात. म्हणजे ज्या दिवसांत हवा सर्वांत दमट, त्याच दिवसांत टेबलावर सर्वांत जास्त गर्दी. म्हणून आपल्याकडे टेबल निवडताना पहिला प्रश्न 'केवढ्याला?' हा नाही. 'पावसाळा सोसेल का?' हा आहे.

बहुतेक टेबलांची फळी म्हणजे एकसंध लाकूड नसते. लाकडाचा चुरा, चिपट्या किंवा बारीक तंतू चिकटद्रव्य घालून दाबून केलेला तो तक्ता असतो. आपल्या कारखान्यांतून निघणाऱ्या बगॅसपासूनही असे तक्ते तयार होतात. बगॅसचा ढीग पावसात भिजला की कसा फुगतो, हे आपण पाहिलेलेच आहे. तक्त्याचेही तेच. वरून रंग असतो, तिथून ओल सहसा शिरत नाही. ती शिरते कडेतून, खालच्या उघड्या बाजूने आणि स्क्रूच्या भोकांतून. एकदा फुगलेली कड पुन्हा बसत नाही. रंग मारा, खिळा ठोका, रंधा मारा, काही उपयोग नाही.

म्हणून टेबलाखाली वाकून पाहावे. खालची बाजूही रंगविलेली किंवा बंद केलेली असावी. चारी कडा बुजविलेल्या असाव्यात आणि त्यांना भोवताली लोखंडी चौकट असावी. ही चौकट फळीला वाकू देत नाही.

फळीची जाडी

बाजारात १६ मिलिमीटरपासून २५ मिलिमीटरपर्यंत आणि त्याहूनही जाड फळीची टेबले मिळतात. लांबून सगळी सारखीच दिसतात, कारण बाहेरची चौकट रुंद असते आणि तिच्याआड फळीची जाडी लपते. म्हणून जाडी मोजावयाची ती खालून, पट्टी लावून.

पातळ फळीवर चेंडू मेल्यासारखा उठतो आणि मधोमध एक, कडेला एक अशी उसळी मिळते. शिवाय तिच्यावर कोणी टेकले, की ती झोल खाते. घरच्या घरी मुलांना खेळायला १८ मिलिमीटर चालेल. क्लबात रोज दोन-तीन तास खेळ होतो, तेथे २५ मिलिमीटरच घ्यावी. स्पर्धेची टेबले सहसा याच जाडीची असतात. फारच ओढाताण असेल, तर २२ च्या खाली उतरू नये.

मापे तोंडपाठ असावीत

मापे मीटरमध्ये दिलेली असतात, पण ती मुळात फुटांतलीच आहेत, म्हणून लक्षात राहावयास सोपी. लांबी २.७४ मीटर, म्हणजे नऊ फूट. रुंदी १.५२५ मीटर, म्हणजे पाच फूट. जमिनीपासून उंची ७६ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. जाळीची उंची १५.२५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच. कडेच्या पांढऱ्या रेघा २ सेंटिमीटर रुंद आणि दुहेरी सामन्यासाठी मधली रेघ ३ मिलिमीटर.

रंग हिरवा की निळा, यावर आमच्याकडे अर्धी सभा खर्ची पडली होती. नियम एवढाच सांगतो, की रंग गडद असावा आणि त्याला चकाकी नसावी. दिवा लावून टेबलाच्या एका टोकाला उभे राहावे. दिव्याचे प्रतिबिंब लख्ख दिसले, तर ते टेबल नको. चेंडू त्या चकाकीत हरवतो.

उसळीची परीक्षा

आता सर्वांत महत्त्वाचे. याला यंत्र लागत नाही. शाळेतली एक फूटपट्टी आणि एक चांगला चेंडू पुरे.

नियम असा आहे, की चेंडू ३० सेंटिमीटर उंचीवरून टेबलावर सोडला, तर तो सुमारे २३ सेंटिमीटर उसळला पाहिजे आणि सगळीकडे सारखाच उसळला पाहिजे. फूटपट्टी टेबलावर उभी धरावी. चेंडू ३० च्या खुणेवरून नुसता सोडावा, फेकू नये. दुसऱ्याने डोळा पट्टीच्या सरळ रेषेत ठेवून तो कुठवर आला ते पाहावे. प्रत्येक अर्ध्या भागावर पाच जागी ही परीक्षा करावी. चार कोपऱ्यांपासून वीतभर आत आणि एकदा मधोमध. दोन्ही भागांचे दहा आकडे वहीत लिहावेत. दहाही आकडे जवळजवळ सारखे आले, तर फळी चांगली. एका जागी २३ आणि दुसऱ्या जागी २० आले, तर दुकानदाराने कितीही गोडवे गायले तरी ते टेबल घेऊ नये.

चेंडू मात्र नव्या पद्धतीचा हवा. २००० साली चेंडूचा व्यास ३८ वरून ४० मिलिमीटर झाला आणि २०१४ पासून मोठ्या स्पर्धांतून सेल्युलॉइडऐवजी प्लास्टिकचा चेंडू आला. कपाटात राहिलेल्या जुन्या चेंडूने परीक्षा केली, तर ती खरी नव्हे.

मग दोन्ही भागांच्या जोडावरून नख फिरवावे. नख अडता कामा नये. सुताराची पाणसळ आडवी-उभी ठेवून पाहावी. आपल्या खोल्यांची फरशी कुठे ना कुठे उतरती असतेच, म्हणून पायांना खाली फिरवून उंची कमीजास्त करण्याची सोय असलेलेच टेबल घ्यावे. ती नसली, की पायाखाली पुठ्ठा सारण्याचे दिवस येतात.

सांगाडा, चाके आणि खटका

२५ मिलिमीटर फळीचे टेबल सांगाड्यासकट शंभर किलोच्या पुढे जाते. त्याचा अर्धा भाग म्हणजे सिमेंटच्या एका पोत्याचे वजन. ते पोते उभे करून चाकांवर ठेवले आहे आणि त्याच्याजवळ मुले खेळताहेत, असे चित्र डोळ्यांपुढे आणा. अशा घडीच्या टेबलाखाली सापडून परदेशांत मुले दगावल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आमच्याकडे दोन बोटांवर निभावले.

तेव्हा सांगाडा असा पाहावा. नळी जाड पत्र्याची, वेल्डिंग सलग. घडी केल्यावर खालचा पाया रुंद, म्हणजे धक्का लागला तरी टेबल कलंडू नये. चाके मोठी आणि त्यांना अडकवण्याची सोय. आणि खटका असा, की फळी उभी झाली की तो आपोआप लागला पाहिजे आणि हाताने सोडविल्याशिवाय सुटता कामा नये. दुकानात आपण स्वतः दहा वेळा घडी करून पाहावी. लाजू नये. बैल घेताना आपण दात मोजतोच की!

घडीचे दोन प्रकार आहेत. एकात दोन्ही भाग एकाच गाड्यावर असतात. तो एका माणसाला ढकलता येतो. दुसऱ्यात दोन्ही भाग सुटे, प्रत्येकाला आपले पाय आणि चाके. सुटे भाग अरुंद दारातून नेता येतात आणि एक बिघडला तर दुसरा शाबूत राहतो. आमच्या खोलीचे दार लहान असल्याने आम्ही सुटे भाग पसंत केले. कोणताही प्रकार घेतला तरी घडी मोठ्या माणसांनी करावी, तीही दोघांनी. लहान मुलांनी हात लावू नये, असा फलक भिंतीवर हवाच.

मान्यता म्हणजे काय?

'आमचे टेबल आंतरराष्ट्रीय मान्यतेचे आहे,' असे विक्रेते सांगतात. आंतरराष्ट्रीय महासंघ टेबलांना मान्यता देतो, हे खरे. पण ती मान्यता त्या विशिष्ट नमुन्याला असते, कंपनीच्या सगळ्या मालाला नव्हे. एकच कंपनी मान्यतेचे टेबलही करते आणि घरगुती पातळ टेबलही. म्हणून दरपत्रकावर नमुन्याचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. गावच्या क्लबला मान्यतेचे टेबल हवेच असे नाही. जाडी, उसळी आणि खटका चोख असला म्हणजे झाले. मात्र जाळी, तिचे चाप, चाके हे सुटे भाग पुण्यात मिळतील काय, हे विचारून ठेवावे.

स्वस्त कोणते?

समजुतीसाठी आकडे धरू. एक टेबल २० हजारांचे; ते खेळण्यालायक राहिले चार वर्षे. वर्षाला खर्च पडला ५ हजार. दुसरे ४५ हजारांचे. नीट निगा राखून चालले बारा वर्षे. वर्षाला खर्च ३ हजार ७५०. तुलनात्मक तक्त्यात दराच्या शेजारी हा एक रकाना वाढवावा. उसाचे आपण एकरी उत्पन्न पाहतो, खोडवा किती निघतो तेही धरतो. मग टेबलाचाच खोडवा का विसरावा?

आमच्याकडे दोन टेबलांपुरते पैसे होते, पण चांगली दोन येत नव्हती. बराच खल होऊन आम्ही ठरविले, की २५ मिलिमीटरचे एकच चांगले टेबल खोलीत घ्यावयाचे आणि उरलेल्या पैशांत बाहेरच्या शेडखाली गवंड्याकडून सिमेंटचे पक्के टेबल बांधून घ्यावयाचे. सिमेंटवर चेंडूची उसळी वेगळी असते, स्पर्धेचा सराव तिथे होत नाही. पण नवशिक्या पोरांचा हात बसायला ते उत्तम. पावसाने फुगत नाही, वर बसले तरी मोडत नाही आणि कोणाच्या अंगावर पडत नाही.

एक टेबल कमी घेतल्याचा आणखी एक फायदा झाला. दोन टेबलांच्या गर्दीत मागे सरकायला जागा नव्हती. मोठ्या स्पर्धेसाठी १४ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद जागा लागते. आपल्याला तेवढी कुठली? पण टेबलाच्या दोन्ही टोकांना निदान सात-सात फूट आणि बाजूंना चार-चार फूट मोकळे हवेत. नाहीतर चांगले टेबल घेऊनही खेळ कोंडतो.

दरपत्रक मागविताना लिहावयाचे मुद्दे

१. फळीची जाडी मिलिमीटरमध्ये आणि तक्ता कशाचा आहे ते.
२. खालची बाजू व कडा ओलीपासून बंद केलेल्या असाव्यात.
३. नमुन्याचे पूर्ण नाव.
४. घडीचा प्रकार, आपोआप लागणारा खटका, अडकवता येणारी चाके.
५. पायांना उंची जुळविण्याची सोय.
६. जाळी व चाप किमतीत धरले आहेत काय.
७. वाहतूक व जोडणी कोणाकडे.
८. उसळीच्या परीक्षेत उतरल्यावरच पैसे दिले जातील, ही अट.
९. हमी किती वर्षांची आणि फुगण्याला ती लागू आहे काय.

जुना सांगाडा धड असेल, तर त्यावर नुसत्या नव्या फळ्या बसतात काय, हेही विचारावे. आमचा सांगाडा गंजला होता, म्हणून तो मार्ग बंद झाला.

निगा

टेबल उन्हाळ्यापूर्वीच आणावे. पावसाळ्यात टेम्पोतून आणलेला तक्ता वाटेतच ओल धरतो. ठेवताना भिंतीपासून फूटभर दूर ठेवावे. प्लास्टिकच्या कागदात गुंडाळू नये, आत घाम धरतो. सुती चादर बरी. पुसताना आधी कोरडे फडके, मग घट्ट पिळलेले ओले. रॉकेल, फिनेल अजिबात नको. पश्चिमेच्या खिडकीचे ऊन अंगावर येऊ देऊ नये. आणि सभेच्या दिवशी त्याच्यावर चहाचे कप, हजेरीची वही आणि माणसे, यांपैकी काहीही ठेवू नये! हे शेवटचे कलम पाळणे सर्वांत अवघड आहे, हे अनुभवाने सांगतो.

असो. टेबल पुढील महिन्यात यावयाचे आहे. फूटपट्टी, पाणसळ आणि वही घेऊन आम्ही तिघे जाणारच आहोत. त्या मुलीच्या आईलाही बरोबर येण्याची विनंती केली आहे. "वहिनी, खटका तुम्ही स्वतः ओढून बघा, तुमची खात्री पटली तरच पैसे देऊ," असे त्यांना सांगितले आहे. त्या येते म्हणाल्या आहेत. ज्या गावांना टेबले घ्यावयाची असतील, त्यांनीही त्या दिवशी अवश्य यावे. चार गावांनी मिळून मागणी केली, तर दरही बोलता येईल आणि मालही नीट पारखून घेता येईल.